दोन गाठी ठेवून

बुद्धप्रिया : थांबा आबा. हे कोणी कापलं?

ग्यानोबा : मीच. नवं ब्लेड आणलं, गरम पाण्यातून काढलं, मग कापलं. कामून?

बुद्धप्रिया : काय होतं ते?

ग्यानोबा : मूळ होतं. बाकीची मुळं गुमान बसल्यात कुंडीत, आन् हे एकटं पानाच्या बगलेतून निघून सरळ खिडकीकडं चाललं. मी म्हणलं, ही चोरटी लाईन हाय. पस्तीस वर्षं लातुरात नळाचे व्हॉल फिरवले बाई, मेन लाईनवरून कुणी गुपचूप पाणी ओढून राहिलं की मला लांबून कळतं. लगेच तोडली.

बुद्धप्रिया : केवढी होती?

ग्यानोबा : वीतभर. आन् टोकाला बारीक बारीक दाणे धरले होते, ज्वारीएवढे. मला वाटलं रोग पडला. तुझ्या मायचं झाड, तिच्यामागं माझ्या हातून मरायला नको म्हणून मागच्या बुधवारी घाईनं उरकलं.

बुद्धप्रिया : आबा, त्या कळ्या होत्या.

ग्यानोबा : कशाच्या?

बुद्धप्रिया : ह्या ऑर्किडच्या. ते मूळ नव्हतं. फुलाची दांडी होती ती.

(ग्यानोबा खुर्चीवर बसतो.)

ग्यानोबा : न्हाई. नीट बघ. तुझी चूक होत असंल.

बुद्धप्रिया : नीटच बघितलं. मला एक फोटो टाकायचा होता ना, आबा! एक फोटो! मी नांदेडहून तिथल्या तिथं सांगितलं असतं, हात लावू नका म्हणून.

ग्यानोबा : तू शाळेवर असतीस. म्हणलं खामखा कशाला तरास द्यायचा.

बुद्धप्रिया : हे झाड मी आणून दिलं तेव्हाच मायला सांगितलं होतं. मुळाचं टोक गोल असतं, दांडीचं चपटं.

ग्यानोबा : तिनं मला सांगितलं हे. लई डाव सांगितलं. मी टीव्ही बघत बघत हूं हूं करायचो.

बुद्धप्रिया : मी तरी काय वेगळं केलं? दर रविवारी ती एका पानाचा फोटो पाठवायची. मी नुसता अंगठा टाकायचे. उघडून बघितलेच नाहीत कितीतरी.

ग्यानोबा : म्हणजे ते खरंच फुलून राहिलं होतं?

बुद्धप्रिया : हो.

ग्यानोबा : परवा तिला जाऊन वर्ष होतंय. भंतेजी येणार वंदनेला. मी घरोघर सांगून ठेवलं, बाजारची फुलं आणू नका, सरजाबाईचं झाड हाय आपल्याकडं, तवर फुलंलच ते. तू आणलंस तवा त्याला नऊ फुलं होती, आठवतं का? एकबी तोडलं न्हाई तिनं. म्हणायची, ही दुसऱ्यानं फुलवलेली. माझ्या हातानं येईल ते पहिलं फूल बुद्धापुढं ठेवीन. तीन वर्षं वाट बघितली.

बुद्धप्रिया : तीन वर्षं आलं नाही, मग यंदा कसं आलं?

ग्यानोबा : खिडकी.

बुद्धप्रिया : कसली खिडकी?

ग्यानोबा : तीच सांगायची, रातचा गारठा लागल्याबगर हे फुलत न्हाई. दिवाळी झाली की ती खिडकी उघडी ठेवायची, आन् मी उठून लावायचो. मला खोकला येतो ना. ती उघडायची, मी लावायचो. तीन हिवाळे असंच. यंदा मी उघडीच ठेवली. खोकलो, पण लावली न्हाई.

बुद्धप्रिया : मग तुमच्यामुळंच आली की दांडी.

ग्यानोबा : आन् माझ्यामुळंच गेली.

बुद्धप्रिया : असू द्या आता. पानं तरी चांगली आहेत. पाणी कोणतं घालता? बोअरचं नाही ना? त्यातल्या क्षारानं मुळं जळतात.

ग्यानोबा : बोअरचं कसं घालीन? तिनं भरून ठेवलेल्या बाटल्या हायेत. दानम्माच्या एसीचं पाणी. बारा होत्या. पुरवून पुरवून घातलं. एक उरली, ती बघ, तिच्या फोटोच्या मागं.

बुद्धप्रिया : एक? वर्षभरात एकदाही दानम्माकाकूंकडं गेला नाहीत? भिंतीला भिंत लागून घर आहे!

ग्यानोबा : कोणत्या तोंडानं जाऊ?

बुद्धप्रिया : म्हणजे?

ग्यानोबा : तुला माय बोलली न्हाई कधी?

बुद्धप्रिया : काय?

ग्यानोबा : तू हे झाड आणलंस त्या उन्हाळ्यातलं हाय. मी घरी आलो तर तुझी माय दानम्माच्या एसीखाली बादली लावून बसलेली. आख्ख्या गल्लीला पाणी सोडणारा मी, आन् माझी बायको शेजारणीच्या दारात ठिबकणारं पाणी धरून राहिली. लोक हसतील म्हणलं. दानम्मादेखत लाथ घातली बादलीला. सगळं पाणी अंगणात.

बुद्धप्रिया : आबा!

ग्यानोबा : तुझ्या मायनं बादली उचलली, आत आली, भाकरी टाकायला बसली. दुसऱ्या दिवसापासून बाटलीतून आणायची, पदराखाली झाकून. मला दिसायचं. मी न दिसल्यागत करायचो. चुकलं म्हणायचं होतं तिला. आज म्हणू, उद्या म्हणू. मग ती दवाखान्यात गेली, तिथं नळ्या लावलेल्या, नर्स उभी, तिथं काय म्हणणार? म्हणून ठरवलं होतं, फूल आलं की तिच्यावतीनं बुद्धापुढं ठेवायचं आन् फोटोकडं बघून तेवढं बोलून टाकायचं.

बुद्धप्रिया : रडू नका. माझ्याकडं बघा. आबा, हे खुंटावर पांढरं काय लावलंय?

ग्यानोबा : बूच.

बुद्धप्रिया : बूच?

ग्यानोबा : लाईन तोडली की तोंड बंद करावं लागतं, न्हाईतर गळती लागती. वंदनेच्या मेणबत्तीचं मेण लावलं. आन् बुडापासून तोडायची नसती, मेन लाईनला धक्का बसतो. दोन गाठी ठेवून तोडली.

बुद्धप्रिया : दोन गाठी ठेवल्या? कुठं? सरका जरा, उजेड येऊ द्या. ही एक... आणि ही दुसरी. अगं माय!

ग्यानोबा : आता काय झालं?

बुद्धप्रिया : ह्या गाठीतून पुन्हा दांडी फुटते कधी कधी. फुटेलच असं नाही सांगत. पण फुटते.

ग्यानोबा : परवापर्यंत?

बुद्धप्रिया : नाही हो. दोन-तीन महिने लागतील. आणि नाही फुटली तर पुढच्या हिवाळ्याची वाट बघायची.

ग्यानोबा : म्हणजे परवा मी रिकाम्या हातानंच.

बुद्धप्रिया : कुंडी ठेवू फोटोपाशी. आहे तशी.

ग्यानोबा : मेण लावलेली?

बुद्धप्रिया : मेण लावलेली. तुम्हाला बोलायचंय ते बोला. मलाही बोलायचंय.

ग्यानोबा : ती बाटली दे इकडं. उघड आज. कपभरच घालू. महिना काढंल का ह्यात?

बुद्धप्रिया : काढेल. पुढं काय पण? थंडीत काकूंचा एसी बंद असतो.

ग्यानोबा : शिवरात्र झाली की लावती ती. जातो मी.

बुद्धप्रिया : तुम्ही जाल?

ग्यानोबा : हाव. दिवसाढवळ्या जाईन. आन् तिलाबी चुकलं म्हणून सांगीन.

बुद्धप्रिया : मग उद्या बाजारातून एक नवी बादली आणून ठेवते.

ग्यानोबा : नवी कशाला? तीच हाय, पलंगाखाली. चेपली हाय जरा, पण गळत न्हाई.