शिळासप्तमीचा भात

(पोशीर गावातलं एक घर. श्रावणातली शिळासप्तमी, आज गावात कुणाचीच चूल पेटायची नाही. सकाळची वेळ. सासू बायजा, सून सुंदरा. आत गोधडीवर चार वर्षांची मंगळी.)

सुंदरा : हात सोडा माझा, आत्या. पोर भूक म्हणतीय. देवीच्या खपल्या पडल्यापासनं आज पयल्यांदा भूक म्हणाली.

बायजा : म्हणून तर धरलाय. हा भात तिच्या पोटात जायचा नाय.

सुंदरा : कालच रांधलाय. शितळाआईचा भात हाय. आजच्या दिशी शिळंच खायाचं.

बायजा : शिळं खायाचं, नासलेलं नाय. बोट बुडव त्यात. आता उचल. दिसली तार?

सुंदरा : जरा चिकट झालाय, इतकंच.

बायजा : आणि वास?

सुंदरा : पावसाचा हाय. समदं घरच कुबट झालंय.

बायजा : चाळीस पावसाळे ह्या चुलीशी बसलेय मी. ओल्या भिंतीचा वास मला कळतो, नि आंबल्या भाताचा बी कळतो. कुठं ठेवला होतास?

सुंदरा : उतरंडीत, बुडाच्या मडक्यात. आईच्या नैवेद्याला मांजराचं तोंड लागू नये म्हणून.

बायजा : गरमच?

सुंदरा : गरमच. वर परळ झाकला, त्यावर तीन मडकी.

बायजा : अगं माझे बाय! वाफेनं जायचं कुठं? रातभर आतल्या आत घामेजला त्यो. परातीत पसरायचा, निववायचा, मग शिंक्यावर टांगायचा वाऱ्याला. आमटी तरी?

सुंदरा : तिला फेस आलाय.

बायजा : झालं!

सुंदरा : आईच्या नावाचं अन्न बाधत नाय, आत्या.

बायजा : मघाशी सांडलेलं शीत मांजरीनं हुंगलं नि शेपटी वर करून चालती झाली. त्या चोरटीला देवधरम नसंल, नाक तर हाय!

मंगळी : आये, भात दे ना.

सुंदरा : देते हां, सोन्या... आत्या, काय देऊ हिला? शेजारच्या चांगोची बायको परवा उंबऱ्यावरनंच परतली. देवी आलेल्या घरात कोण घास देतंय? हे नेरळास्नं खायाचं घेऊन निघाले असतील, तरी नदी दुथडी भरलीय.

बायजा : चूल पेटव. मूठभर तांदळाची पेज टाक.

सुंदरा : नाय!

बायजा : हळू गं.

सुंदरा : आज आई चुलीत निजलीय. गार राखेत अंग टाकलंय तिनं. गेल्या साली ह्याच दिशी मी माझ्या लेकाला, गजाला, दूध कोमट करून दिलं. दोन गवऱ्या, आत्या. दोनच! शिमग्यात देवी आली नि... तुमीच न्हाणलंत त्याला. आठवतंय?

बायजा : आठवतंय.

सुंदरा : मग पुन्यांदा माझ्याच हातनं तेच करायला सांगताव?

बायजा : शिमग्यात गावातली नऊ लेकरं गेली, सुंदरे. नऊ घरांत काय त्या दिशी चूल पेटली व्हती?

सुंदरा : बाकीच्यांचं मला ठावं नाय. माझं मला ठावं हाय.

बायजा : बस अशी. तुझ्या नवऱ्याला बी ठावं नाय, ते सांगते. तुझा सासरा दमेकरी. श्रावणात गार घास छातीशी अडायचा. अकरा सालं, ह्याच दिशी, गाव उठायच्या आधी मी त्याला पेज रांधून दिली. ह्याच चुलीवर.

सुंदरा : शिळासप्तमीला?

बायजा : शिळासप्तमीलाच. धूर दिसू नये म्हणून निखाऱ्यांवर. चार पोरं होती अंगाखांद्यावर. चारी जगली.

सुंदरा : आई कोपली नाय?

बायजा : ती बी लेकुरवाळीच की. मी चुलीम्होरं बसून हळूच म्हणायची,
निजली गं माझी आई, गार राखेच्या उशाशी,
सर थोडी पलीकडं, धनी माझा गं उपाशी.

सुंदरा : मग माझा गजा... माझ्या दोन गवऱ्यांनी नाय गेला?

बायजा : नाय गं पोरी. नाय.

मंगळी : आये...

सुंदरा : आले गं. आत्या, पेटवायचीच तर ह्याच भाताला उकळी देते. नैवेद्य टाकवत नाय.

बायजा : उकळून वास मरंल, इख मरायचं नाय. परसात खड्डा करून पूर. म्हशीम्होरं बी टाकू नको. मडकं फोड, ते त्याच्या अंगात मुरलंय. आणि हात राखेनं घासून मग नव्या तांदळाला लाव.

सुंदरा : आधी चूल पेटवते.

बायजा : नको. तू तांदूळ धू. चूल माझ्याकडं असू दे.

सुंदरा : आत्या...

बायजा : काय गं?

सुंदरा : तुमी अजून चूल पेटवली नाय.

बायजा : लाकडं ओली हायत. फुंकणी दे.