डोळे मिटून बसा

नर्सबाईंनी बाकावरच्या तिघांच्याही डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले आणि बजावलं, "हाक मारेपर्यंत डोळे मिटून बसा."

मधे बसले होते चर्चचे पाळकसाहेब. त्यांना रविवारच्या उपदेशासाठी विषय सापडत नव्हता. मागच्या खेपेला त्यांनी कुकरच्या शिट्टीतून पवित्र आत्मा काढला होता. त्यांच्या एका बाजूला थोरला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला धाकटा. आई गेल्यावर तिच्या पलंगावरून दोघांनी अबोला धरला होता. क्षमेवरचे साहेबांचे सगळे उपदेश दोघांनी मन लावून ऐकले होते, आणि अबोला तसाच ठेवला होता.

"फार चुरचुरतंय बुवा," थोरला हवेत म्हणाला.

"चोळू नका. अनोळखी आहात, म्हणून सांगतो," धाकट्याचा आवाज आला.

"मीही अनोळखी माणसालाच सांगतोय. मला एक धाकटा भाऊ आहे. गाढव आहे."

"मला थोरला आहे. हुबेहूब तसाच."

"आईचा पलंग उचलून नेला त्यानं."

"त्यावर झोपवत नाही हो. आई आठवते."

थोरल्यानं मिटल्या डोळ्यांनीच मान त्या आवाजाकडे वळवली.

"रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे. मनात ही अढी ठेवून प्रभूच्या भाकरीला हात लावायचा धीर होत नाही."

"माझाही होत नाही. म्हणून तर भाकरी वाटायच्या आधीच मागच्या मागे सटकतो."

"मी उठू का मधून?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"बसा हो साहेब! आज कुठे जरा उपयोगी पडताय," दोघे एकदम म्हणाले.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. "चला, उघडा डोळे."

"उघडू का रे?"

"उघड, दादा."

पाळकसाहेबांनी आपले मात्र मिटलेलेच ठेवले.