कपाखालचं बेलफळ

लॉकडाऊनमध्ये मी नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला एकटीच करोनाने आडवी झाले होते, तेव्हाची गोष्ट सांगते. ताप उतरला, पण पोटात काही टिकेना. शेजारच्या थाई नोईबाईंनी दाराशी एक पुडी ठेवली. आत वाळलेल्या, गोल, लाकडासारख्या चकत्या होत्या. मला वाटलं, गरम कपाखाली ठेवायच्या असतील. मी ठेवल्या.

संध्याकाळी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. विमानं बंद, त्यामुळे ती रोज रडवेली असायची. त्या दिवशी मात्र एकदम ओरडली, "कपाखाली काय आहे गं ते? जवळ धर. अगं वेडे, बेलफळ आहे ते! उकळून पी!"

प्यायले. दोन दिवसांत पोट सावरलं. मग बाल्कनीतून नोईबाईंना फोनवर आई दाखवली.

"मातूम!" नोईबाई चकती दाखवत म्हणाल्या.

"बेल!" आई म्हणाली.

पुढे दहा मिनिटं एक थाईत बोलत होती, दुसरी मराठीत.

नोईबाई आत गेल्यावर मी आईला विचारलं, "काय कळलं तुला?"

"काही नाही. पण आज मला झोप लागेल."