लाकडी पाय, एक नग

सून : हसू नका हो आई. सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय.

सासू : अगं, हसू नको तर काय करू? सरांनी एवढ्या हौसेनं स्वतःचा फोटो घातला आणि तुझं यंत्र म्हणतंय, छत्री! काळी, लांब दांड्याची! वर खात्री किती, तर म्हणे ब्याण्णव टक्के!

सून : माझं यंत्र नाही, आपलं मॉडेल. प्रोजेक्ट दोघींचा आहे, फॉर्मवर सह्या दोघींच्या आहेत.

सासू : पण सरही तसे काटकुळेच. त्यात काळा कोट. लांबून मलाही क्षणभर...

सून : आई!

सासू : बरं, राहिलं. बिचारे हसत हसत पुढच्या टेबलाकडे गेले, माणूस चांगला आहे. आता सांग, गाडं अडलं कुठे?

सून : डेटात. तुमच्या खिडकीवर जमा झालेल्या वस्तूंचे सहाशे फोटो आपण त्याला शिकवायला दिले. त्यात चारशे दहा छत्र्या. त्याला वाटतं, जगात छत्र्याच जास्त. शंका आली की छत्री म्हणून मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा बरोबरच येतं.

सासू : त्याला मी काय करू? बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बावीस वर्षं काढली मी. लोक छत्र्याच विसरतात. मोरपंखी पर्स, चांदीचा डबा असलं काही विसरत नाहीत, खोटं कशाला बोलू?

सून : सरांना कोर्सच्या पहिल्या दिवशी आपण दोघी मैत्रिणी वाटलो होतो. सासू-सून म्हटल्यावर त्यांनी हजेरीपट दोनदा पाहिला होता.

सासू : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्लाउड कम्प्युटिंग शिकायला कोण आपल्या सासूला घेऊन येतं? पण मी काही हौसेनं नाही आले हो. आमचे डेपोचे साहेब म्हणाले, शिका, नाहीतर खिडकी बंद करून सगळा कारभार मुख्य कार्यालयातल्या मशीनकडे देतो.

सून : आणि मला तर मशीननं आधीच घरी पाठवलं. सहा वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, मग एक दिवस तक्रारी ऐकायला मशीनच बसवलं. म्हटलं, माझी खुर्ची घेतली कुणी ते तरी नीट बघून घेऊ.

सासू : बघितलंस ना? त्याला छत्री आणि सर यातला फरक कळत नाही. आणि तो क्लाउड! मी समजत होते आकाशात काहीतरी असेल. निघालं काय, तर आपलं सामान दुसऱ्याच्या फडताळात ठेवायचं आणि हवं तेव्हा मागायचं. हे तर मी बावीस वर्षं करतेय. मला आधीच सांगायचं होतंस, मी पहिल्याच पेपरात पहिली आले असते.

सून : आई, दोन आठवडे वाया गेलेत. विनोद पुरे. काळ्या छत्र्या कमी करायच्या आणि बाकीच्या वस्तूंचे फोटो वाढवायचे, एवढंच सुचतंय मला.

सासू : मला एक सांग. हरवलेल्या वस्तूचा फोटो कुणाकडे असतो?

सून : म्हणजे?

सासू : माझ्या खिडकीवर कुणी फोटो घेऊन येत नाही गं. माणूस धापा टाकत येतो आणि बोलतो. 'मफलर, हिरवा, पण तुम्हाला निळा वाटेल.' 'छत्री आहे, रुसल्यासारखी उघडते.' मी तसंच्या तसं वहीत उतरवते.

सून : कुठल्या वहीत?

सासू : दोन वह्या आहेत. एक आलेल्या सामानाची, ती सरकारी. दुसरी विचारायला येणाऱ्यांची. तारीख, बसचा नंबर, माणसाचा फोन नंबर आणि तो जे बोलला ते. साहेब म्हणायचे, कशाला कागद नासता? मला आपलं आवडायचं लिहायला.

सून : सगळ्यांचं? बावीस वर्षांचं?

सासू : जुन्या वह्यांना वाळवी लागली. शेवटच्या चार वर्षांच्या धड आहेत.

सून : आई, हे घबाड आहे! फोटो गेले खड्ड्यात. मॉडेलला माणसांची भाषा शिकवू. एकीकडे विचारणाऱ्याचे शब्द, दुसरीकडे फडताळातल्या वस्तू, आणि कुठलं कुणाच्या जवळचं ते त्यानं सांगायचं. एवढी साधी गोष्ट तुम्ही आधी का नाही बोललात?

सासू : तू विचारलंस कुठे? तू फोटो काढ म्हणालीस, मी काढले. चारशे दहा छत्र्या उघडून मिटून दंड भरून आलेत माझे.

(तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी. कॉलेजची प्रयोगशाळा. दोघींशिवाय कुणी नाही.)

सून : चौदाशे नोंदी! टाइप करून बोटांचे तुकडे पडले. तुमचा 'झ' वाचायला तर वेगळा कोर्स हवा.

सासू : वळणदार आहे तो. चालव आता लवकर. सोमवारी प्रात्यक्षिक, आणि साहेब स्वतः बघायला येणार म्हणालेत.

सून : चालवते. पहिला प्रश्न : 'छत्री, रुसल्यासारखी उघडते.' उत्तर : 'छत्री, काळी, कळ नादुरुस्त.'

सासू : अगं बाई! रुसणं कळलं त्याला!

सून : 'मफलर, हिरवा, पण तुम्हाला निळा वाटेल.' उत्तर : 'मफलर, निळा.' पुढे... 'आजोबांच्या कानातलं, दागिना नाही, ऐकायचं.' उत्तर : 'श्रवणयंत्र, डबीसकट.' आई, हे खरंच चालतंय!

सासू : हातावर टाळी दे आधी.

सून : घ्या! आता मजा ऐका. इथे मात्र पुन्हा वेड लागलं त्याला. प्रश्न : 'बूट शिवायचा साचा, लाकडी, डाव्या पायाचा, टाचेला गाठ आहे. बस सतरा.' आणि उत्तर काय देतंय? 'पुतळ्याचा पाय, लाकडी, एक नग. बस सतरा.' पुतळ्याचा पाय! हसताय ना? ...आई?

सासू : तारखा वाच.

सून : पाय जमा झाला चौदाला. माणूस विचारायला आला सोळाला. दोन वर्षांपूर्वी. का?

सासू : वहीत बघ, पायाची नोंद कुणाच्या अक्षरात आहे?

सून : तुमच्याच. हा तुमचाच 'झ', 'झिलई उडालेली'.

सासू : त्याला वेड नाही लागलेलं. बरोबर सांगतंय ते.

सून : म्हणजे?

सासू : कपड्यांच्या दुकानात पुतळे उभे असतात ना, त्यातल्या एखाद्याचा पाय असेल असं वाटलं मला. तसं लिहिलं. दोन दिवसांनी तो बूटवाला आला, साचा हरवलाय म्हणाला. बुटाचा साचा पायाच्याच आकाराचा असतो हे मला कुठे ठाऊक? साचा म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं काहीतरी लोखंडी, डब्यासारखं. तेच शोधलं आणि सांगितलं, नाही आला.

सून : थांबा, त्याच्या आणखी नोंदी दिसतायत. पुढच्या आठवड्यात परत आला होता. आणि महिन्यानं पुन्हा. शेवटची नोंद : 'परत त्रास देणार नाही म्हणाला.'

सासू : हो. मी म्हटलं होतं, त्रास कसला, कामच आहे माझं. किती गोड आवाजात म्हटलं होतं.

सून : असू द्या हो. कुणाचीही झाली असती ही चूक. पण आता तो पाय... वर्षभरानं सामान विकून टाकता ना तुम्ही?

सासू : विकला नाही. मागच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं.

सून : मग?

सासू : त्या पायानं अडवते मी ते. दोन वर्षं.

सून : आई, मी हसत नाहीये. खरंच नाही... तोंड वेडंवाकडं झालं असेल तर माफ करा.

सासू : हस बाई. साचा त्याच्यापासून सहा पावलांवर होता. मी मध्ये उभी होते, नाही नाही म्हणत.

सून : ऐका. सोमवारी ही नोंद दाखवायची नाही. वगळून टाकते. मफलर दाखवू, श्रवणयंत्र दाखवू, साहेब खूश. मंगळवारी बूटवाल्यांना गुपचूप फोन करू.

सासू : गुपचूप का?

सून : कारण साहेबांना खिडकी बंद करायला निमित्तच हवंय! 'बाईंना फडताळातली वस्तू ओळखता आली नाही, मशीनला आली,' संपलं. माझ्या वेळी मला कुणी तोंड उघडायचीसुद्धा संधी दिली नव्हती. तुम्ही आपल्या हातानं...

सासू : अगं, ते छत्री छत्री करत होतं, तेव्हा भर वर्गात मी पोट धरून हसले. त्याची चूक चव्हाट्यावर आणि माझी पदराआड?

सून : यंत्राची नोकरी जात नाही हो आई!

सासू : तो माणूस तीन वेळा आला गं. तिन्ही वेळा माझ्यावर विश्वास ठेवून परत गेला. त्याचा नंबर वाच. फोन आत्ताच करते. आणि सोमवारी पहिली हीच नोंद दाखवायची.

सून : मग मी उभी राहणार तुमच्या शेजारी. आणि बोलताना मध्येच थांबलात तर पुढचं वाक्य मी घेणार.

सासू : घे. पण चुकीची जबाबदारी नको घेऊ, ती माझी आहे.

* * *

(मंगळवारी. बस डेपोतली हरवलेल्या सामानाची खिडकी.)

बूटवाले : हाच. तोच आहे. मंगळवारी या म्हणालात, पण खरं सांगू ताई, सकाळी निघेपर्यंत विश्वास बसत नव्हता.

सासू : बघून घ्या नीट. दोन वर्षं दाराला लावला होता मी, फोनवर सांगितलं ना. तुम्हाला तोंड कसं दाखवू कळत नाहीये.

बूटवाले : इथे खड्डा पडलाय.

सासू : दाराचा.

बूटवाले : भरता येईल. लाकूड पक्कं आहे. तुमच्या दाराला सलाम, एवढं आपटून याला तडा नाही गेला.

सून : काका, एका साच्यासाठी तुम्ही तीन वेळा आलात. नवा करता आला नसता?

बूटवाले : केला ना. बायकोच्या डाव्या पायाचा आहे हा. तिच्या टाचेला गाठ आहे, दुकानातला बूट तिला घालता येत नाही. नवा कोरला, पण तिचं एकच पालुपद, डावा चावतो. दोन वर्षं तेच ऐकतोय.

सून : पण पाय तर घरातच आहे! परत माप घ्यायचं.

बूटवाले : घेतलं की. माप एका दिवशी घेता येतं, साचा एका दिवसात होत नाही. तिनं घालून चालायचं, दुखतं कुठे ते सांगायचं, मी तेवढंच तासायचं. परत चालायचं. पंधरा वर्षं तासलाय हा.

सून : म्हणजे आमच्यासारखंच! आम्हीही मॉडेलला तेच करतो. चुकलं कुठे ते सांगायचं, थोडं बदलायचं, परत चालवायचं. आमच्या सरांना भेटा तुम्ही एकदा.

बूटवाले : ज्यांना ते छत्री म्हणालं, ते सर?

सून : आईंनी फोनवर तेही सांगितलं?

सासू : माफी मागून झाली, मग काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं.

बूटवाले : बायकोला सांगितलं मी. तीही हसली. कालचं ते तुमचं काय होतं, परीक्षा? ती कशी झाली?

सून : काय सांगू काका! एवढी माणसं, समोर साहेब. मी मफलरची नोंद तयार ठेवली होती, न जाणो ऐन वेळी आईंचं मन बदललं तर. यांनी माइक धरला आणि पहिलंच वाक्य : 'मी एका माणसाला तीन वेळा खोटं सांगितलं, ते मला माहीत नव्हतं, यानं दाखवलं.'

सासू : आणि ही म्हणाली होती मध्ये थांबलात तर मी बोलेन. थांबले, तर हीच रडतेय.

सून : डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

बूटवाले : साहेब काय म्हणाले?

सासू : त्यांनी विचारलं, 'ते विचारणाऱ्यांचं बोलणं वहीत लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?' म्हटलं, कुणीच नाही, तुम्ही तर नको म्हणत होता. तेव्हा सरांनी तोंडावर रुमाल धरला. साहेब म्हणाले, 'आणि लिहिलं नसतं तर मशीनला काय सापडलं असतं?' म्हटलं, काळ्या छत्र्या.

सून : खिडकी राहतेय, काका! शिवाय बाकीच्या चार डेपोंच्या कारकुनांना ही वही कशी लिहायची ते आईंनी शिकवायचं. आणि ती क्लाउडवर चढवायला महिन्याभराच्या कामावर मला घेतलंय. पुढचं पुढे.

बूटवाले : वा! म्हणजे माझ्या बायकोच्या टाचेनं दोघींचं भलं केलं. सांगतो तिला, आता गाठीची तक्रार नको.

सासू : सांगा. आणि माझ्याकडून तिची माफी मागा. थांबा, पोच लिहून आणते, सही लागेल तुमची. आतच आहे पावतीबुक.

बूटवाले : सावकाश... ताई, एक विचारू? मघापासून दोनदा आत जाऊन आलात. उजवी टाच टेकत नाही तुम्ही.

सासू : कोण, मी? छे.

सून : आई?

सासू : अगं, दिवसभर उभं राहायचं म्हटल्यावर थोडं दुखतं. त्यात काय सांगायचं?

सून : केव्हापासून?

सासू : लक्षात नाही. इथे माझ्या पायाचं कुठे कुणी विचारायला येतं.

बूटवाले : एक मोठा कोरा कागद द्या. आणि पेन्सिल.

सासू : अहो, इथे? खिडकीसमोर लोक उभे आहेत.

बूटवाले : राहू द्या. चप्पल काढा. हं, कागदावर या. आता सारखा भार द्या, दोन्ही पायांवर.