पहिला आकडा

शिरूरच्या एसटी स्टँडवर माझ्यामागच्या बाकावर दोन मैत्रिणी बसल्या होत्या. नीलमच्या लग्नानंतर दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या.

"नीलम, पोलीस भरतीचा अभ्यास चालू हाय ना?"

"वाचते गं शितल. पण गणिताची शेवटची ओळ येईस्तोवर पहिला आकडा डोक्यातनं जातो."

"तुझ्या? तू तर तोंडी उत्तरं द्यायचीस!"

"तवा माहेरी भांडगावात रोज पहाटे कालव्याच्या कडंनं पळायचे. येऊन पुस्तक उघडलं, की चार-चार आकडे डोक्यात धरता यायचे."

"दवाखान्यात दाखवलंस?"

"डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत हाय, फक्त बसून राहू नका."

"मग पळ की!"

"कारेगावात? सासूबाई म्हणत्यात, नव्या सुनंनं रस्त्यानं पळायचं न्हाई."

"आन् दाजी?"

"ते बघू म्हणत्यात."

"बघू म्हंजी कवा?"

"खरं सांगू? नोकरीचं होईल तसं होईल. पण पळताना कानाशी वारा वाजायचा, त्याची लई आठवण येती."

"मंगळवारी माहेरी येणार ना? पहाटे पाचला दारात येते."

"तुला कुठं पळता येतंय?"

"तू पळ. मी मागनं सायकलवर येते."



"शितल, आईनं माझे बूट ठेवले असतील का गं?"