आमच्या घराण्याचं डोकं

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. हसलं की ठणका उठायचा, आणि नेमक्या समोर दोन विहिणी येऊन टेकल्या. त्यांची नात दाढ दाखवायला आत गेली होती.

"भूमितीत पहिली आली हो पोर. आमच्या घराण्याचं डोकं!"

"तुमच्या? अहो, तुमचा लेक पडद्याची दांडीसुद्धा तिरकी ठोकतो."

"लग्नाआधी सरळ ठोकायचा."

"आणि पाढे कुणी घोकून घेतले? माझ्या लेकीनं."

"ते लहानपणी. शाळेतल्या बाई काय म्हणाल्या? लहान असतं तोवर घरचं वळण दिसतं, मोठं होता होता रक्तातलं वर येतं. आता बघा, बुद्धीनं हुबेहूब आमचे हे!"

"विहीणबाई."

"काय?"

"पोरीला दत्तक आणलंय आपण."

पहिलीनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! ध्यानातच राहिलं नाही बघा."

"माझ्या तरी कुठं होतं? मघापासून भांडतेय की तुमच्याशी."

"मग हे डोकं कुणाचं म्हणायचं?"

"असेल त्या माउलीचं. जिथं असेल तिथं सुखी असो."

"आणि ते अजून वर येणार म्हणे."

"येऊ दे की. तेवढीच तिची ओळख होईल आपल्याला."

दार उघडलं. "आज्यांनो, आत सगळं ऐकू येत होतं. आणि पहिली नाही, दुसरी आलेय मी."

"पाहिलंत? मोठ्यांच्या चुका काढणं! हे मात्र अगदी तुमच्यावर गेलंय, विहीणबाई."

शिंपीणबाईंनी दोन्ही हातांनी गाल दाबून धरला.