मी उपटलेल्या चौदा तारा

नाव : विल्फ्रिदो काँतियो बार्रासा, वय ५१ वर्षे, धंदा : रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती, राहणार : रेबोलो वस्ती, बारांकिया.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. याच ठाण्यात मी रविवार दि. १४ जुलै २०१९ रोजी संध्याकाळी एक जबाब दिला होता. त्यातली मुख्य गोष्ट खोटी आहे. ती दुरुस्त करण्यासाठी मी आज गुरुवार दि. १८ जुलै रोजी सकाळी आपण होऊन आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी धमकावलेलेही नाही.

सध्या आपल्या कोठडीत असलेला नायिब चार्रिस हा माझा लहानपणापासूनचा दोस्त असून माझ्या मुलीचा धर्मपिता आहे. 'ला काइमाना' हा सोळा पेट्यांचा पिको, म्हणजे गल्लीत नाचगाण्यासाठी लावायचा स्पीकरचा ताफा, त्याच्या मालकीचा आहे. पेट्या, त्यातले कर्णे आणि त्यावर रंगवलेली मगर त्याची. आवाज माझा.

माझ्याकडे मी स्वतः डाग देऊन जोडलेला मॉड्युलर सिंथेसायझर आहे. त्यात वेगवेगळे खण असून ते बाहेरून तारांनी एकमेकांना जोडावे लागतात. रेकॉर्डमधला बास एका खणात घेऊन मी त्याचा एक सप्तक खालचा खर्ज काढतो, तो फिल्टरमधून गाळतो आणि गाण्याच्या खाली सरकवतो. न गाळलेला खर्ज घुरघुरतो. नीट गाळला की गाणे जमिनीतून वर येत आहे असे वाटते. हे काम वस्तीत मला एकट्याला येते आणि त्याचा मला माज होता, हेही लिहून घ्यावे. या यंत्राला काहीही लक्षात राहत नाही. तारा काढल्या की जोडणी कायमची गेली, मागून कोणालाच ती कळू शकत नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या गल्लीत दोन पिकोंची झुंज होती. समोरचा पिको 'एल दोन हासिन्तो'. अशा झुंजीत ज्याचा आवाज छातीत भरतो तो जिंकतो आणि हरणाऱ्याची वर्षभर टिंगल होते. सव्वाचारच्या सुमारास त्यांच्या माणसाने माइकवरून सगळ्या गल्लीसमोर विचारले, "काय रे विल्फ्रिदो, मगरीचा घसा बसला का? लिंबू पिळून गूळपाणी पाज की तिला!" लोक हसले. मला ते झोंबले.

मग मी खर्जाचा खर्ज काढला, म्हणजे आणखी एक सप्तक खाली गेलो. अति खालचे सूर अडवण्यासाठी एक फिल्टर मी नेहमी शेवटी ठेवतो. त्याची तार काढून मी आवाज सरळ अ‍ॅम्प्लिफायरला दिला. कानाला काहीच फरक कळला नाही. आमच्या धंद्यात इतक्या खालचा आवाज कानाने तपासत नाहीत. पेटीच्या लाकडावर तळहात ठेवतात, नाहीतर बिअरची बाटली ठेवून फेस बघतात. हे मीच चार जणांना शिकवले आहे. त्या दिवशी उठून पेटीपर्यंत जायला मला कमीपणा वाटला, कारण समोरचे बघत होते. ऐकू येत नाही म्हणजे कमी आहे असे समजून मी बटण वाढवत गेलो. एखाद्या नवशिक्याने असे केले असते तर मी त्याला टपली मारून हाकलले असते.

नायिब दोनदा माझ्याजवळ आला. पहिल्यांदा म्हणाला, "अरे, कर्ण्यांचे कागद बघ कसे पुढेमागे होतायत. काय केलंयस तू?" मी म्हणालो, "तू बिअर विक, हे माझ्यावर सोड." दुसऱ्यांदा तो म्हणाला, "विल्फ्रिदो, कमी कर लेका, मला हे बरं वाटत नाही." मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. रविवारच्या जबाबात मी सांगितले की नायिबने माझे न ऐकता आवाज वाढवला. ते धादांत खोटे आहे.

आमच्या पेट्यांना लागून एदेल्मिरा पोलो, वय ७३, यांचे घर आहे. त्यांच्या गच्चीवर सिमेंट न भरलेल्या ब्लॉकची कंबरभर भिंत होती आणि खाली सावलीत त्या झुलत्या खुर्चीवर बसल्या होत्या. माझी आई कामावर जायची तेव्हा याच बाईंनी मला जेवू घातले आहे. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाळा, पोटात कसंतरीच होतंय रे. घरातली ताटं चालायला लागलीत." मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मावशी, तुमच्या ताटांनासुद्धा नाचायचंय, नाचू द्या त्यांना!" सगळी गल्ली खदखदून हसली. मावशीही हसल्या.

चार चाळीसला भिंत खाली आली.

इथपर्यंत चूक होती. पुढचे चुकून झालेले नाही. धूळ उडाली, लोक पळाले. मावशी ब्लॉकखालून माझे नाव घेत होत्या. नायिबचे नाही, माझे. त्या माझ्यापासून सात-आठ पावलांवर होत्या. मी यंत्राच्या तारा उपटत होतो. एकूण चौदा तारा होत्या, त्या सगळ्या काढल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत घातल्या. माझी जोडणी कोणी पाहू नये एवढेच तेव्हा माझ्या डोक्यात होते. पिशवीची चेन लावून मी वळलो तोवर नायिब उघड्या हातांनी ब्लॉक उचलत होता. त्याची दोन नखे निघाली. त्याने मान वर करून माझ्या हातातली पिशवी पाहिली. मग तो पुन्हा ब्लॉक उचलायला लागला. रविवारी इथे ठाण्यात तो एवढेच म्हणाला, "पिको माझा आहे, जे काय असेल ते माझ्यावर घाला." मी बाजूला बसून होतो आणि मला बरे वाटले होते. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

काल दुपारी मी दवाखान्यात गेलो. मावशींच्या खुब्याचे हाड मोडले आहे. आधाराशिवाय पुन्हा चालता येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. मला पाहून त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली, "बघ गं, हाच तो माझा विल्फ्रिदो. बाकीचे बोंबलत पळाले, हा आधी तारा तोडायला धावला. नाहीतर मला शॉक लागून मी तिथेच गेले असते. आणि त्या नायिबला सडू दे तुरुंगात!" त्यांनी स्वतःच्या ताटातला मक्याचा उकडलेला अर्धा बोयो मला खायला लावला. मी तो खाल्ला. खरे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

साहेबांनी मला विचारले की, तारा निघाल्या आहेत, पुरावा काही नाही, नायिब तोंड उघडत नाही, बाई तुझी बाजू घेतात, मग कशाला आलास? रविवारपासून कोणी माझ्याशी चांगले वागले की मला ते सहन होत नाही, एवढेच सांगता येईल. नायिब चार्रिस याचा या घटनेत दोष नसून त्याला सोडावे आणि जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी.

हा जबाब मी बोललो तसाच टाइप केला आहे. साहेबांनी तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तो खरा व बरोबर आहे, त्यातले काही कमी करायचे नाही. एदेल्मिरा पोलो यांना लिहिता-वाचता येत नाही. जबाबाची एक प्रत मी मागून घेतली असून आज दुपारी भेटीच्या वेळेत ती मी त्यांना स्वतः वाचून दाखवणार आहे.

सही : विल्फ्रिदो काँतियो बार्रासा